घराची खूण

आमच्या लहानपणी गावातील घरांना क्रमांक होते. परंतु ते पंचायतीच्या वहीत असत, लोकांच्या जिभेवर नसत. घर सांगावयाचे ते झाडाच्या खुणेने. कोणाचे घर चाफ्याकडले, कोणाचे फणसाकडले, तर कोणाचे सुरंगीखालचे. आमच्या घरास सारा वाडा 'ओंवळीकडलें घर' म्हणे. मराठीत जिला बकुळ म्हणतात तीच आमच्या कोकणीतील ओंवळ. पोस्टमनला, पाहुण्यांना, फुले वेचावयास येणाऱ्या बायकांना, सर्वांना तेवढी खूण पुरेशी होती. आज त्या जागी झाड नाही. ते वादळाने पाडले नाही, की किडीने खाल्ले नाही. ते आम्ही तोडविले. शाळेच्या वार्षिक अंकात हे लिहिताना संकोच वाटतो; पण ज्या चुकीतून काही शिकावयास मिळाले, ती विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणे शिक्षकास शोभत नाही.

झाडावरून घर ओळखण्याची ही रीत खेडवळ आहे असे कोणास वाटेल. परंतु तिला फार मोठ्या कवीचा आधार आहे. आमच्या वरच्या वर्गांतील संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चे नाव ऐकले असेल. एका वर्षाची शिक्षा भोगीत रामगिरीवर राहिलेला यक्ष मेघाला अलकानगरीतील आपले घर कसे ओळखावे ते सांगतो. घर कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेस आहे, दारी इंद्रधनुष्यासारखे तोरण आहे, एवढे सांगून तो लगेच वळतो तो झाडांकडे. तेथे मंदाराचे एक लहानसे झाड आहे. त्याच्या पत्नीने ते पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले आहे, आणि हात वर केला की लागावेत इतके त्याचे घोस खाली वाकले आहेत. पुढे माधवीच्या मांडवाजवळ तांबडा अशोक आहे आणि केसर आहे. हा केसर म्हणजेच आपली बकुळ. त्या घरी पाचूच्या पायऱ्यांची विहीर आहे, रत्नांची शिखरे असलेला क्रीडापर्वत आहे. पण दूर देशी एकट्या पडलेल्या त्या माणसाला वैभवाच्या जोडीने आठवते ते बायकोने पाणी घालून वाढविलेले झाड. घरापासून लांब गेलेल्या माणसाचे मन कोठे घुटमळते, हे कवीला ठाऊक होते. ते आम्हांस फार उशिरा कळले.

आमची ओंवळ आजीने लावली होती. आमचे वडील पहिलीत जाऊ लागले त्या सुमारास, म्हणजे १९५८ च्या आगेमागे. बकुळ हे सावकाश वाढणारे झाड. दोनचार वर्षांत डोळे दिपवावेत असा त्याचा स्वभाव नव्हे. पण एकदा रुजले की ते पिढ्यान् पिढ्या टिकते. लाकूड कठीण, पाने काळपट हिरवी व तकतकीत, सावली अशी दाट की वैशाखातही खालची माती थंड लागावी. फूल म्हणाल तर करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे, सायीच्या रंगाचे, चांदणीच्या आकाराचे. पानांत ते दिसतही नाही. पहाटे झाडाखाली सडा पडला म्हणजे कळावयाचे की ओंवळ फुलली आहे. ते गळते तेही अखंड, मधोमध भोक ठेवून. त्यामुळे सुईची गरज नाही, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात लहान मूलही माळ ओवू शकते. आणि इतर फुलांहून त्याची विशेष थोरवी ही की, वाळून तपकिरी झाले तरी त्याचा वास जात नाही. आजीच्या लुगड्यांच्या पेटीत कित्येक वर्षांपूर्वीच्या माळा होत्या. पेटी उघडली की जुन्या माघ-फाल्गुनातली पहाट घरात येई.

हिवाळा सरू लागला की उजाडण्यापूर्वी आमच्या कुंपणाशी कुजबुज सुरू होई. वाड्यातील चारपाच बायका परड्या घेऊन येत. कोणी देवळासाठी वेची, कोणी बाजारात विकण्यासाठी. कोणी विचारून घेत नसे, आणि आजीनेही कधी कोणास विचारले नाही. झाडाची अर्धी फांद रस्त्यावर गेली होती. तिकडे पडलेले फूल आमचे नव्हेच, असा तिचा साधा न्याय होता. दुपारी शाळेतून परतणारी मुले त्याच सावलीत दप्तरे टाकीत आणि पिकलेली केशरी फळे चघळीत. त्यांच्या तुरट गोडीने जीभ जड होते, हे आमच्या पिढीतील कोणास सांगावे लागत नाही.

२०१९ साली धाकट्या बंधूंनी मोटार घेतली. ती उभी करावयास जागा हवी होती. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, तेव्हा सिमेंटच्या लाद्या घालाव्यात असेही ठरले. ओंवळीचा पाचोळा कौलांच्या पन्हळीत अडके, फळांचे डाग पडत, पाखरे घाण करीत. एकेक तक्रार लहान होती. पण सर्व एकत्र मांडल्या तेव्हा मोठी फिर्याद उभी राहिली. वडील निवर्तले होते. घरात शेवटचा शब्द आमचा. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी वृक्षाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ती आम्ही रीतसर घेतली. अर्जावर सही आमची. कारण म्हणून 'घरास धोका' असे लिहिले. तो धोका नेमका कोणता होता, असे आज कोणी विचारले तर आम्हांस उत्तर देता येणार नाही. साठ वर्षांचे झाड एका दिवसात उतरविले गेले, आणि कायद्याच्या दृष्टीने आम्ही निर्दोष ठरलो.

पुढल्या फाल्गुनात बेळगावहून आत्या आली. वय पंचाहत्तरीचे, नजर अधू झालेली. संध्याकाळची वेळ होती. बसवरून उतरून तिने रिक्षा केली आणि चालकास सांगितले, "ओंवळीकडे थांबव." रिक्षा आमच्या दारावरून पुढे गेली, वाड्याच्या टोकापर्यंत जाऊन, विचारीत विचारीत परत आली. पायरी चढताना ती एवढेच म्हणाली, "ओंवळ दिसूंक ना. घर खंय तें कळूंक ना." ती रागावली नाही, तिने कारण विचारले नाही. जेवताना इतर गोष्टी झाल्या. पण ज्या घरात ती जन्मली त्याच घरावरून ती अनोळखी माणसासारखी पुढे निघून गेली होती, आणि ती खूण आम्ही आमच्या सहीने पुसली होती, हे आम्हां दोघांनाही उमगले होते.

तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, अंगणातील फुलझाडास 'शोभेचे झाड' म्हणणे हीच मुळात चूक होय. शोभा म्हणजे वरून घातलेला दागिना; अडचण झाली की काढून ठेवावा. एकदा हे नाव दिले की झाडाचे मोल ठरून जाते. नारळ उत्पन्न देतो, आंबा फळ देतो, म्हणून त्यांना हात लावताना माणूस दहादा विचार करतो; बकुळीवर कुऱ्हाड घालताना 'शोभेचेच तर आहे' असे म्हणून मोकळा होतो. वास्तविक पाहता उलटे आहे. आंब्याचे फळ घरच्यांचे असते. फुलझाडाचे फूल, सावली आणि सुवास हे कुंपणाबाहेरच्यांचेही असतात. त्या झाडामुळेच घर गावाचे होते. आमचे झाड गेल्यावर पहाटेची कुजबुज थांबली, शाळकरी मुले सरळ पुढे जाऊ लागली, आणि पश्चिमेचे ऊन थेट आत येऊ लागल्यामुळे बलकावावर चार वाजता बसणेही बंद झाले. आमच्या दारी मोटार उभी राहिली, परंतु माणसे थांबेनाशी झाली.

यावर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणे न्याय्य आहे.

पहिला आक्षेप जागेचा. आता एका घराची चार बिऱ्हाडे झाली, अंगणे चटईएवढी उरली. तेथे बकुळीसारखा वृक्ष कोठे लावावा? हे खरे आहे, आणि अशा ठिकाणी बकुळीचा हट्ट आम्ही धरणार नाही. लहान अंगणास प्राजक्त आहे. तो दोनतीन वर्षांत फुलतो, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पहाटे केशरी देठांचा सडा घालतो. कांचन आहे, छाटून आटोक्यात ठेवता येतो. कलमी सोनचाफा तर लावल्यापासून एकदोन वर्षांतच फूल देतो. जागा जेवढी असेल तेवढे झाड असावे; पण 'जागा नाही' या सबबीखाली सारे अंगण लाद्यांनी मढवू नये.

दुसरा आक्षेप पाचोळ्याचा. पाचोळा पडतो, यात वाद नाही. पण आमच्या आजीने तो साठवून माडांच्या आळ्यात घातला, आणि आम्ही मात्र लाद्या धुण्यासाठी रोज विहिरीचे पाणी उपसतो. यात अधिक त्रासाचे कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

तिसरा आक्षेप धोक्याचा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्यावरून गेले तेव्हा ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली, तारा तुटल्या, वीज गेली. त्यानंतर पुष्कळांनी झाडांची धास्ती घेतली. ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर झाड न लावणे हे नसून योग्य झाड योग्य जागी लावणे हे आहे. गुलमोहराचेच पाहा. तो मूळचा मादागास्कर बेटातला. मे महिन्यात तो असा पेटतो की पाहणाऱ्याचे पाय थबकावेत. लवकर वाढतो, म्हणून घरोघर लावला जातो. परंतु त्याची मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. रुंद मैदानाच्या कडेला तो राजा आहे; घराच्या भिंतीला लागून, विजेच्या तारेखाली लावला तर तो दोष झाडाचा नव्हे, लावणाऱ्याचा. ज्यांना रंगाचीच हौस आहे त्यांच्यासाठी आपल्या मातीतले झाड नाही असे थोडेच आहे? जांभळ्या फुलांचा ताम्हण आहे. महाराष्ट्राने तो आपले राज्यपुष्प म्हणून मानला आहे. सोन्याच्या झुंबरांचा बहावा आहे. केरळात त्याच्या फुलांवाचून विषूचा सण होत नाही. आणि ज्यांच्या वळेसरांचा घमघमाट शिमग्याच्या दिवसांत आपल्या बाजारांत दरवळतो ती सुरंगी तर सह्याद्रीचीच लेक. तिची फुले पानांआड न लपता जुन्या फांद्यांनाच लगडून येतात.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने घेत नाही, मनात मात्र बाळगतो: इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडाचा आम्हांस काय उपयोग? बी लावून वाढविलेल्या बकुळीचे पहिले फूल पाहण्यास सातआठ वर्षे तरी धीर धरावा लागतो, आणि भर सावली मिळेपर्यंत पंचवीस वर्षे सहज जातात. पण विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न तुम्हांला कसा लागू पडेल? तुम्ही बारा-तेरा वर्षांचे आहात. आज बी रुजविले तर तुमचे शिक्षण पुरे होण्याच्या आत झाड फुलेल, आणि तुमच्या मुलांना त्याखाली खेळता येईल. सावकाश वाढणारे झाड लावावे ते लहान मुलांनीच. सर्वांत अधिक काळ ते त्यांचेच असते.

आता लावणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण लावणे आणि वाढविणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या देशात १९५० पासून दर जुलैत वनमहोत्सव होतो. शाळाशाळांतून रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात, भाषणे होतात. आम्हीही अशी भाषणे केली आहेत. पण शिमगा येईपर्यंत त्यांतील किती रोपे जिवंत असतात, हे मोजण्याचा उत्सव मात्र कोठे होत नाही. गोव्यात पाऊस विपुल, वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. पुढचे सातआठ महिने कोरडे जातात. झाडाची खरी परीक्षा जूनमध्ये नसून एप्रिलात असते.

बकुळीची पिकलेली फळे घ्यावीत. आतील बी काढून स्वच्छ धुवावे. ते तपकिरी, चपटे व चकचकीत असते. ताजे असतानाच रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत पेरावे, आणि रुजावयास वेळ लागला तरी उकरून पाहू नये. रोप हातभर झाले की पहिले दोनचार चांगले पाऊस पडून गेल्यावर जमिनीत लावावे. आपल्याकडे चिऱ्याची जमीन आहे. खड्डा लांबी, रुंदी व खोलीने दोनदोन फूट तरी घ्यावा, आणि तळचा कठीण थर पहारीने फोडावा. तसे न केले तर तो खड्डा न राहता दगडी कुंडी होते. पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि पुढे त्यांना वाट सापडत नाही. वरची माती, कुजलेले शेणखत आणि पाचोळा यांनी खड्डा भरावा. भिंतीपासून पंधरा फूट तरी अंतर ठेवावे आणि वर तार नाही हे पाहावे. गुरांपासून काट्यांचे कुंपण करावे. पहिले तीन उन्हाळे आळ्यात वाळलेली पाने घालून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी द्यावे. पुढे कधी अंगणात लाद्या बसवावयाच्या झाल्याच, तर बुंध्याभोवती चारपाच फुटांचे आळे मोकळे सोडावे. गळ्यापर्यंत सिमेंट ओतू नये. एवढे केले की झाड तुमच्याकडे पुन्हा काही मागत नाही.

आम्ही स्वतः काय केले, असे विचारण्याचा वाचकांना अधिकार आहे. आमच्या आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या आजोळी जुनी ओंवळ आहे. त्याने डब्यातून फळे आणून दिली. नऊ पिशव्यांत बी पेरले, पाच रुजली. तीन रोपे विद्यार्थ्यांनी नेली, एक शाळेच्या कुंपणाशी लावले, आणि एक आमच्या अंगणात. त्यासाठी आठ लाद्या उखडाव्या लागल्या. मोटार आता थोडी तिरकी उभी करावी लागते. बंधूंनी कुरकुर केली नाही. उलट उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम त्यांची मुलगीच करते, आणि नवे पान आले की मोजून सांगते.

हे केल्याने आमची चूक भरून आली, असे आम्ही मानीत नाही. साठ वर्षांच्या झाडाची भरपाई हातभर रोपाने होत नाही, आणि आत्यालाही त्याचा उपयोग नाही. मागल्या वर्षी ती निवर्तली. नोकरीतून निवृत्त होऊ तेव्हा या झाडाचा बुंधा आमच्या मुठीत मावणार नाही इतका झाला, तरी पुष्कळ झाले. परंतु ज्या मुलांनी रोपे नेली आहेत त्यांच्या घरांना केव्हा तरी पुन्हा ती जुनी खूण लाभेल, अशी आशा आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती एवढीच की, या वर्षी घरासमोर काही नवे करावयाचे मनात असेल तर प्रथम एका फुलझाडाची जागा राखून ठेवा, आणि उरलेल्या जागेत बाकीचे बसवा. जुने झाड दारी असेल तर ते तोडण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एक रात्र थांबा, आणि आपले घर कोण कोण त्या झाडावरून ओळखतो, त्यांची नावे आठवून पाहा. ती यादी आपल्याला वाटते त्याहून लांब निघेल. आम्ही ती केली नव्हती.